प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतले भागधारक : हक्क, वाद आणि बाहेर पडण्याचे रस्ते (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मित्रांनी, भावाभावांनी, मेहुण्यांनी मिळून काढलेल्या लहान कंपन्यांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं कंपनी कायदा २०१३ ला धरून आहेत. वाचताना आपल्या कंपनीचे आर्टिकल्स (कंपनीची अंतर्गत नियमावली) समोर ठेवा. प्रायव्हेट कंपनीला अनेक बाबतींत आर्टिकल्समधून वेगळी सोय करून घेता येते आणि तशी केली असेल तर तीच लागू होते.

१. कंपनीत माझे ३० टक्के शेअर आहेत. म्हणजे गाळ्यात, मशिनरीत माझा ३० टक्के हिस्सा झाला ना?

नाही. गाळा, मशीन, बँकेतली शिल्लक हे सगळं कंपनीचं आहे आणि कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच बच्चा गझदार विरुद्ध आयकर आयुक्त, मुंबई या प्रकरणात हे स्पष्ट केलं : भागधारकाचा कंपनीच्या मालमत्तेवर हक्क नसतो. त्याला मतदानाचा हक्क असतो, जाहीर झालेल्या लाभांशात वाटा असतो आणि कंपनी गुंडाळली तर सगळी देणी फिटल्यावर उरलेल्यातला वाटा मिळतो.

भांडण झाल्यावर ‘माझ्या हिश्शाचं’ म्हणून मशीन उचलून नेणारे, कंपनीच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात पैसे वळवणारे लोक आपली बरी बाजू एका दिवसात घालवून बसतात. पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) समोरचा पक्ष पहिला तोच कागद दाखवतो.

२. मी भागधारक आहे, डायरेक्टर आहे आणि पगारही घेतो. भांडणात यातलं काय जाऊ शकतं?

ही तीन वेगळी नाती आहेत आणि ती वेगवेगळ्या रीतीने तुटतात. पगार नेमणुकीच्या करारावर किंवा बोर्डाच्या ठरावावर चालतो. डायरेक्टरपद सर्वसाधारण सभा काढून घेऊ शकते (प्रश्न ७). शेअर मात्र तुमच्या संमतीशिवाय बाकीचे भागधारक सहसा काढून घेऊ शकत नाहीत, ते फक्त पातळ करता येतात, म्हणजे तुमचा टक्का कमी करता येतो (प्रश्न ८). लहान कंपन्यांत नफा बहुधा पगाराच्या रूपाने वाटला जातो, लाभांश कोणी जाहीरच करत नाही. त्यामुळे डायरेक्टरपद गेलं की हातात शेअर राहतात, उत्पन्न शून्य होतं. लाभांश जाहीर करा, अशी सक्ती एकटा भागधारक सहसा करू शकत नाही. आधी बोर्डाने शिफारस करावी लागते आणि कायद्यासोबत दिलेल्या नमुना आर्टिकल्सप्रमाणे सभेला त्या शिफारशीहून जास्त लाभांश देता येत नाही.

३. सुरुवातीला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर आम्ही तिघांनी करार केला होता : कोणीही बाहेरच्याला शेअर विकायचे नाहीत. तो चालतो का?

कंपनीला आणि तिच्या सभासदांना बांधतात ते आर्टिकल्स. व्ही. बी. रंगराज प्रकरणात (१९९१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेअर हस्तांतरणावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही, ते प्रायव्हेट कंपनीवर किंवा भागधारकांवर लादता येत नाही. ते प्रकरणही एका कुटुंबातल्या दोन शाखांमधल्या तोंडी समजुतीवरूनच उभं राहिलं होतं. तेव्हा ‘आधी आपल्यातल्याला विचारायचं’, ‘माझ्या बाजूचा एक डायरेक्टर कायम राहील’, ‘अमुक गोष्टींना तिघांचीही संमती हवी’ यातलं जे जे ठरलं असेल ते आर्टिकल्समध्ये घ्या.

त्यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं बाजूने. ठरावानंतर ३० दिवसांत रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे एमजीटी-१४ फॉर्म भरायचा. पण तेवढ्यावर थांबू नका. उद्या ७५ टक्के मतं जमवून तीच कलमं काढून टाकता येतात. कलम ५ प्रमाणे ‘हे कलम बदलायला सर्व सभासदांची संमती हवी’ अशी कडक तरतूद आर्टिकल्समध्ये घालता येते. प्रायव्हेट कंपनीत ती कंपनी स्थापतानाच घालता येते, नंतर घालायची तर सर्व सभासदांची संमती लागते. भांडण सुरू झाल्यावर ती कोणी देत नाही, म्हणून हे काम दिवस गोड असतानाच उरकावं.

तुमच्या कंपनीचे आर्टिकल्स तुमच्याकडे नसतील तर कलम १७ प्रमाणे मागा. ठरलेली फी भरल्यावर कंपनीला ७ दिवसांत प्रत द्यावी लागते.

४. किती टक्क्यांना नेमकी काय ताकद येते?

एक शेअर असला तरी सभेची नोटीस, ताळेबंद, मतदान आणि रजिस्टर पाहण्याचा हक्क मिळतो. १० टक्के भरणा झालेलं भांडवल हाती असेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करता येते. २५ टक्क्यांहून जास्त असतील तर विशेष ठराव अडवता येतो. नेमके २५ असतील तर अडवता येत नाही, कारण उरलेले ७५ म्हणजे बरोबर तीन चतुर्थांश होतात. कंपनी काढताना ७५-२५ अशी गोल वाटणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ५० टक्क्यांच्या वर एक मत जास्त असलं की साधा ठराव हातात : डायरेक्टर नेमणं, काढणं, ऑडिटर नेमणं. आणि ७५ टक्क्यांना आर्टिकल्सच बदलता येतात.

हे टक्के एकूण शेअरचे नसून सभेत पडलेल्या मतांचे असतात. तुम्ही ३० टक्केवाले सभेला गेलाच नाहीत, तर ७० टक्केवाल्यांचा विशेष ठराव एकमताने मंजूर होतो.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कोणाला माहीत नसते. हात वर करून मतदान झालं तर एका माणसाचं एक मत धरलं जातं, मग त्याच्याकडे ६० टक्के असोत की ६. एका बाजूला ६० टक्केवाला एकटा आणि समोर १०-१० टक्क्यांचे चौघे असतील तर हातांच्या मतदानात तो एकास चार हरतो. निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताच ‘पोल’ मागायचा. १० टक्के मतं किंवा भरणा झालेले पाच लाख रुपयांचे शेअर असतील तर तो द्यावाच लागतो. मग शेअरप्रमाणे मतं मोजली जातात. प्रॉक्सीला (तुमच्या वतीने सभेला पाठवलेल्या माणसाला) हातांच्या मतदानात मत नसतं, पोलमध्ये असतं.

५. कंपनी मला हिशोब दाखवत नाही. भागधारक म्हणून काय काय पाहता येतं?

ऑडिट झालेला ताळेबंद आणि नफातोटा पत्रक वार्षिक सभेच्या २१ दिवस आधी तुमच्याकडे यायला हवं. सर्वसाधारण सभांचे मिनिट्स (इतिवृत्त) नोंदणीकृत कार्यालयात फुकट पाहता येतात, प्रत मागितली तर कामकाजाच्या ७ दिवसांत मिळाली पाहिजे. सभासदांचं रजिस्टर आणि वार्षिक विवरणं कलम ९४ प्रमाणे पाहता येतात.

जे पाहता येत नाही तेही सांगायला हवं : बोर्ड मीटिंगचे मिनिट्स, लेजर, व्हाउचर, बँक स्टेटमेंट. हा हक्क डायरेक्टरचा आहे, साध्या भागधारकाचा नाही. म्हणून डायरेक्टरपद जाण्याची चाहूल लागली असेल तर कलम १२८ प्रमाणे हिशोबाच्या वह्या पाहण्याची लेखी मागणी पदावर असतानाच करा.

कंपनी काहीच देत नसेल तरी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर १०० रुपये भरून तिने दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. तिथे चार फॉर्म आधी उघडा. एओसी-४ मध्ये ताळेबंद असतो, एमजीटी-७ किंवा ७ए मध्ये भागधारकांची यादी, पीएएस-३ मध्ये नव्याने दिलेले शेअर आणि डीआयआर-१२ मध्ये डायरेक्टर आले-गेले त्याची नोंद. ताळेबंदाच्या टिपांत ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ हे पान असतं. डायरेक्टरच्या बायकोच्या फर्मला दिलेलं भाडं, भावाच्या कंपनीला दिलेलं कर्ज तिथेच सापडतं. सगळं डाउनलोड करून तारखेनिशी ठेवा.

६. मला एकाही सभेची नोटीस आली नाही, पण पोर्टलवर सभा झाल्याचं दिसतं. काय करावं?

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची लागते. पाठवल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. आर्टिकल्समध्ये प्रायव्हेट कंपनीने ही मुदत कमी केलेली असू शकते, ते आधी तपासा. चुकून एखाद्याला नोटीस गेली नाही म्हणून सभा बाद होत नाही, मात्र ठरवून एकाला वगळलं असेल तर ती वेगळी बाब आहे आणि तीच जुलमाच्या अर्जाचा कणा बनते (प्रश्न १२).

पहिलं काम : रजिस्टरमध्ये तुमचा कोणता पत्ता आणि ईमेल आहे ते लेखी विचारा आणि चालू पत्ता, ईमेल स्पीड पोस्टने कळवा. दहा वर्षांपूर्वीच्या भाड्याच्या घरी नोटिसा पाठवून ‘आम्ही तर पाठवल्या’ म्हणणं फार सोपं असतं. दुसरं : त्या सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा आणि मिनिट्सची प्रत मागा. तिसरं : हरकत लगेच लेखी नोंदवा. दोन वर्षं गप्प राहिलेल्याला ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो.

वार्षिक सभाच होत नसेल तर कोणताही एक सभासद कलम ९७ खाली एनसीएलटीकडे जाऊन ती घ्यायला लावू शकतो. त्याला टक्क्यांची अट नाही.

७. बाकीचे मला डायरेक्टरपदावरून काढायला निघालेत. काढू शकतात का?

बोर्ड काढू शकत नाही, सर्वसाधारण सभा साध्या ठरावाने काढू शकते. पण कलम १६९ ची वाट धरूनच. ठराव आणणाऱ्याने सभेच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला विशेष नोटीस द्यावी लागते. ती देणाऱ्याकडे किमान १ टक्का मतं किंवा भरणा झालेले किमान पाच लाखांचे शेअर असावे लागतात. कंपनीने त्या नोटिशीची प्रत तुम्हाला ताबडतोब द्यायची. तुम्ही लेखी म्हणणं देऊ शकता, ते सभासदांकडे पाठवा असं सांगू शकता आणि सभेत बोलू शकता. यातली पायरी चुकली तर ठराव लढवता येतो. मात्र ‘कारण योग्य होतं का’ यावर फारसं लढता येत नाही, बहुमताला कारण पटलं की पुरे.

दोनच डायरेक्टर असतील तर एकाला काढताना दुसरा नेमावाच लागतो, कारण प्रायव्हेट कंपनीला किमान दोन लागतात.

खरा धोका याहून गुपचूप येतो. कलम १६७ प्रमाणे बारा महिन्यांत झालेल्या एकाही बोर्ड मीटिंगला तुम्ही हजर नसाल तर पद आपोआप जातं, रजा मागितली असली तरीही. रागावून मीटिंगला जाणं सोडणारे यातच सापडतात. प्रत्यक्ष जायचं नसेल तर व्हिडिओवर हजर राहा, पण वर्षातून एकदा तरी हजेरी लावा आणि ती मिनिट्समध्ये उतरली का ते पाहा.

तुमच्या नावाने खोटा राजीनामा दाखल झालेला दिसला तर त्याच दिवशी कंपनीला, सही करणाऱ्या सीए किंवा कंपनी सेक्रेटरीला (सीएस) आणि रजिस्ट्रार ऑफ कंपनीजना लेखी हरकत पाठवा. तुमचं डिजिटल सिग्नेचर टोकन ऑफिसच्या कपाटात किंवा सीएच्या ड्रॉवरमध्ये पिनसकट पडलं असेल तर ते आजच घरी आणा.

८. नवे शेअर काढून माझा हिस्सा ३० वरून १५ टक्क्यांवर आणला. हे कायदेशीर आहे का?

पद्धत पाळली असेल तर असू शकतं. म्हणून आकडा पाहून घ्या. कंपनीचे १०,००० शेअर, त्यातले तुमचे ३,०००. आणखी १०,००० शेअर १० रुपयांनी काढले. तुमच्या वाट्याला ३,००० येतात, म्हणजे ३०,००० रुपये भरायचे. भरले तर ३० टक्के कायम. नाही भरले आणि बाकीच्यांनी सगळे घेतले तर २०,००० पैकी ३,००० म्हणजे १५ टक्के. विशेष ठराव अडवण्याची ताकदही त्याच दिवशी गेली. आणि शेअरची खरी किंमत ४०० रुपये असेल तर १० रुपयांना न घेतलेला प्रत्येक शेअर म्हणजे तुमच्या खिशातून गेलेले पैसे.

तेव्हा नियम हा : राइट्स ऑफर (जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणं) आली की, भांडण कितीही पेटलेलं असो, पैसे उभे करा आणि भरा. चेकबरोबर किंवा एनईएफटीच्या नोंदीबरोबर ‘हक्क राखून’ भरत असल्याचं वेगळं पत्र जोडा. हातात पैसे नसतील तर आर्टिकल्स आड येत नाहीत ना ते पाहून ऑफर दुसऱ्याच्या नावे सोडता येते.

आता पद्धत तपासा. कलम ६२ प्रमाणे नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात द्यावे लागतात. ऑफरपत्र स्पीड पोस्ट, कुरिअर किंवा ईमेलने, पुरावा राहील अशा रीतीने, ऑफर उघडण्याच्या किमान ३ दिवस आधी गेलं पाहिजे. ऑफर किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवस उघडी राहते. ९० टक्के सभासदांच्या लेखी संमतीने ही मुदत कमी करता येते, आणि तिघा-चौघांच्या कंपनीत तुमच्याशिवाय ९० टक्के होतच नाहीत. जुन्यांना डावलून बाहेरच्याला किंवा एकालाच शेअर द्यायचे तर विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो.

कागद बरोबर आणि हेतू वाईट, असंही असतं. डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात (२००४) मॅनेजिंग डायरेक्टरने ताबा मिळवण्यासाठी गुपचूप स्वतःला शेअर देऊन घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले : डायरेक्टर हा विश्वासाने दिलेला अधिकार वापरतो, तो स्वतःसाठी वापरता येत नाही. उलट नीडल इंडस्ट्रीज प्रकरणात (१९८१) कंपनीला शेअर काढण्याची खरी गरज होती आणि जाता जाता डायरेक्टरांचाही फायदा झाला, एवढ्यावरून ते रद्द झाले नाहीत. त्यामुळे लढाई ‘तेव्हा कंपनीला पैसे कशासाठी हवे होते?’ या प्रश्नावर ठरते. त्या महिन्यांची बँक शिल्लक, आलेला पैसा पुढे कुठे गेला, अधिकृत भांडवल वाढवल्याचा एसएच-७ कधी भरला, हे पुरावे जमवा.

९. मी शेअर विकले, एसएच-४ हा हस्तांतरणाचा फॉर्म भरून दिला, पण कंपनी खरेदीदाराचं नाव लावत नाही.

आधी तुमची बाजू पूर्ण आहे का पाहा. एसएच-४ वर दोघांच्या सह्या, मूळ शेअर सर्टिफिकेट, मोबदल्याच्या ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क (दहा लाखांना १५० रुपये) आणि सह्यांच्या तारखेपासून ६० दिवसांत कंपनीकडे पोच. डीमॅट बंधनकारक झालेल्या प्रायव्हेट कंपन्यांत, म्हणजे कायद्याच्या व्याख्येतली ‘स्मॉल कंपनी’ सोडून बाकीच्यांत, कागदी शेअर आधी डीमॅट करावे लागतात. आणि आर्टिकल्समध्ये ‘आधी आतल्यांना विचारा’ असं कलम असेल तर ते पाळल्याचा पुरावा हवा. बहुतेक व्यवहार इथेच अडकतात : बाहेरच्याशी भाव ठरवून, पैसे घेऊन मग कंपनीला कळवलं जातं.

हे सगळं बरोबर असेल तर कंपनीने नकार ३० दिवसांत कारणासह कळवायचा असतो. नकार आल्यापासून ३० दिवसांत किंवा कंपनी गप्प बसली तर कागद दिल्यापासून ६० दिवसांत एनसीएलटीत अपील करायचं. ‘करतो, पुढच्या मीटिंगमध्ये घेतो’ असं ऐकत बसण्यात हेच ६० दिवस निघून जातात. पोच घेतल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

१०. मला फक्त माझे पैसे घेऊन बाहेर पडायचंय. माझे शेअर विकत घ्या, अशी सक्ती करता येते का?

करारात किंवा आर्टिकल्समध्ये तशी सोय नसेल तर सरळ सक्ती करता येत नाही. भागीदारी पेढीसारखी ‘नोटीस दिली, हिशोब करा’ अशी वाट कंपनीत नाही. उरतात चार रस्ते.

दुसऱ्या भागधारकाने विकत घेणं सगळ्यात स्वच्छ. कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेणं (बायबॅक) शक्य आहे, पण भरणा भांडवल आणि खुली गंगाजळी (फ्री रिझर्व्हज) यांच्या २५ टक्क्यांची मर्यादा आणि विशेष ठराव आहे. शिवाय ऑफर सगळ्यांनाच जाते, त्यामुळे बाकीच्यांनी आपले शेअर न देण्याचं आधी लेखी ठरवून घ्यावं लागतं. भांडवल कमी करणं हा तिसरा, त्याला एनसीएलटीची मंजुरी लागते आणि वेळ जातो. चौथा म्हणजे जुलमाच्या अर्जात न्यायाधिकरणाने खरेदीचा हुकूम देणं.

किमतीवर सगळं अडतं. ताळेबंदातली निव्वळ मालमत्ता धरली तर चाकणचा वीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट खरेदीच्या भावाने दिसतो. कमाईवर काढली तर चालू वर्षातला पगार फुगवून नफा दाबलेला असतो. म्हणून भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : मूल्यांकनाची तारीख, जमीन बाजारभावाने धरायची का, आणि हिस्सा कमी आहे म्हणून सूट कापायची का. या तिन्हींवर एकमत झालं की मूल्यांकक कोणीही असो, फार फरक पडत नाही. आयकरात शेअर बाजारावर न नोंदलेल्या शेअरची किमान किंमत सूत्राने काढतात. त्याखाली व्यवहार केला तर विकणारा आणि घेणारा दोघांवर कर येऊ शकतो. सीएकडून ते आधीच काढून घ्या.

११. वडील वारले. शेअरवर नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं नाव आहे. शेअर त्याचेच झाले का?

नाही. कंपनी नाव नॉमिनीचं लावेल, पण तो वारसांच्या वतीने सांभाळणारा राहतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारशावरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं : नॉमिनेशनमुळे मालकी येत नाही, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते.

नाव लागेपर्यंत वारस अगदी हातपाय बांधलेले नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात मृत भागधारकाच्या वारसांना रजिस्टरमध्ये नाव नसतानाही जुलमाचा अर्ज करू दिला होता. पण वारस कोण, कोणाचा वाटा किती, हाच वाद असेल तर एनसीएलटी तो सोडवत नाही. अरुणा ओसवाल प्रकरणात (२०२०) न्यायालयाने सांगितलं, तो दिवाणी कोर्टातला विषय आहे, आधी तिथे ठरू द्या.

१२. ‘जुलूम आणि गैरव्यवस्थापन’ याचा अर्ज म्हणजे काय, आणि मी तो करू शकतो का?

कलम २४१ आणि २४२. कंपनीचा कारभार एखाद्या सभासदावर जुलूम होईल किंवा कंपनीचं वा सभासदांचं नुकसान होईल अशा रीतीने चालला असेल तर एनसीएलटी जवळजवळ कोणताही हुकूम देऊ शकते : शेअर विकत घ्यायला लावणं, नवे शेअर रद्द करणं, डायरेक्टर हटवणं, घेतलेला पैसा परत करायला लावणं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या कंपन्यांसाठी मुंबईचं खंडपीठ आहे.

अर्ज करायला १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यातला कमी आकडा, किंवा काढलेल्या भांडवलाचा एक दशांश हाती असावा लागतो. म्हणजे सात सभासदांच्या कंपनीत ३ टक्केवाला एकटाही अर्ज करू शकतो, कारण सातातला एक हा एक दशांशाहून जास्त आहे. लोक टक्के मोजून निराश होतात, डोकी मोजायची विसरतात. उलट खाच अशी की ‘काढलेलं भांडवल’ यात प्रेफरन्स शेअरही (लाभांशात अग्रक्रम असलेले शेअर) धरले जातात. टाटा सन्स प्रकरणात मिस्त्री कुटुंबाच्या कंपन्यांकडे १८.३७ टक्के इक्विटी (साधे शेअर) होती, पण प्रेफरन्स धरून हिस्सा ३ टक्क्यांच्याही खाली जात होता. त्यांना अटीतून सूट मागावी लागली आणि अपील न्यायाधिकरणाने ती दिली. सूट मागण्याची ही सोय कलम २४४ मध्ये आहे.

त्याच प्रकरणात २६ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं पदावरून काढणं म्हणजे जुलूम नव्हे. लहान कंपनीत चित्र वेगळं असू शकतं. सगळे मिळून राबतील आणि सगळे कारभारात असतील याच भरवशावर कंपनी उभी राहिली असेल तर तिच्याकडे भागीदारीसारखं पाहिलं जातं. पण हे सिद्ध करावं लागतं : सुरुवातीचे ईमेल, समान पगार, बँकेत दोघांच्या सह्या, कर्जाला सगळ्यांची हमी.

एकच घटना आणि तिच्यावर पंचवीस पानं, असा अर्ज टिकत नाही. तारीखवार तक्ता करा : काय झालं, कोणता कागद, तुम्ही हरकत केव्हा घेतली. तीन वर्षांची मुदत लागू होते. शेअर पातळ केल्याचं कळूनही चार वर्षांनी गेलात तर पहिल्याच सुनावणीत अडचण येते. आणि अंतरिम आदेश मागायला विसरू नका, शेअर आणि जागा विकल्या गेल्यावर जिंकून हाती काही राहत नाही. निकाल विरोधात गेला तर अपिलाला ४५ दिवस आहेत, पुढे सबळ कारण असेल तर आणखी ४५.

१३. आम्ही दोघं पन्नास-पन्नास. तो सभेलाच येत नाही. कंपनी कशी चालवायची?

प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन सभासद प्रत्यक्ष हजर लागतात. अर्ध्या तासात कोरम (गणसंख्या) झाला नाही तर साधी सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी जाते आणि तेव्हा हजर असतील तेवढ्यांचा कोरम धरतात. पण एकट्याच्या सभेला सभा म्हणायचं का, यावर वाद उभा राहतोच. तुम्ही मागणी करून बोलावलेली सभा असेल तर ती तहकूबही होत नाही, रद्दच होते. म्हणून सरळ कलम ९७ किंवा ९८ खाली एनसीएलटीकडे जा. ‘एक सभासद हजर असला तरी सभा पूर्ण’ असा आदेश तिला देता येतो.

बोर्डात बरोबरी झाली तर नमुना आर्टिकल्सप्रमाणे अध्यक्षाला जादा मत असतं. तुमच्या कंपनीत अध्यक्ष कोण हे कधी नोंदवलंच नसेल तर या मताचा उपयोग नाही.

रागाच्या भरात बँकेला ‘खातं गोठवा’ असं पत्र देणं ही इथली नेहमीची चाल आहे. बँक दोघांची परस्परविरोधी पत्रं पाहून खातं थांबवते, पगार आणि जीएसटी अडकतात, गिऱ्हाईक जातं आणि ज्या शेअरसाठी भांडताय त्याचीच किंमत उतरते. ‘पाच लाखांवरच्या रकमेला दोघांच्या सह्या’ असा तात्पुरता बदल मागा.

१४. करारात लवादाचं कलम आहे. मग लवाद, दिवाणी कोर्ट की पोलीस?

करारभंगाचा वाद, उदाहरणार्थ ठरलेल्या भावाने शेअर घेतले नाहीत, लवादाकडे जाऊ शकतो. जुलमाचा अर्ज जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने राकेश मल्होत्रा प्रकरणात (२०१४) तसं ठरवलं, मात्र करारभंगालाच जुलमाचे कपडे चढवून आणलेला अर्ज असेल तर तो लवादाकडे पाठवता येतो हेही सांगितलं. जे काम एनसीएलटीचं आहे त्यात कलम ४३० प्रमाणे दिवाणी कोर्टाला अधिकार नाही. पोलिसांकडे खोटी सही, बनावट मिनिट्स यांसारखं ठोस काही असेल तेव्हाच जा. नुसत्या हिशोबाच्या वादात तक्रार दिवाणी स्वरूपाची म्हणून परत येते आणि तडजोडीचं दार मात्र बंद होतं.

१५. मी राजीनामा दिला, शेअरही विकले. आता बँकेचं कर्ज माझ्यावर नाही ना?

वैयक्तिक हमी दिली असेल तर आहे. ती बँकेशी केलेली वेगळी बांधिलकी आहे, डायरेक्टरपदाबरोबर संपत नाही. कॅश क्रेडिटसारख्या चालू हमीत पुढच्या व्यवहारांपुरती हमी नोटीस देऊन मागे घेता येते, पण त्या दिवशीची थकबाकी डोक्यावर राहते. २०१९ च्या डिसेंबरपासून कंपनीच्या हमीदारांवर दिवाळखोरीची कारवाईही करता येते. तेव्हा शेअर विक्रीच्या करारात ‘बँकेचं हमीमुक्तीचं पत्र आल्यावरच शेअर हस्तांतरित होतील’ हे कलम घालाच. तारण दिलेल्या घराची कागदपत्रंही त्याच दिवशी परत घ्या.

१६. भागीदाराने बायकोच्या नावावर तोच धंदा सुरू करून आपली गिऱ्हाइकं तिकडे वळवली. रोखता येतं का?

तो डायरेक्टर असेल तर हो. कलम १६६ प्रमाणे त्याने कंपनीच्या हिताविरुद्ध जाणारा स्वार्थ ठेवायचा नाही आणि गैरलाभ झाला तर तेवढी रक्कम कंपनीला भरायची. त्याने कलम १८४ प्रमाणे हितसंबंध जाहीर केले होते का, त्यासाठीच्या एमबीपी-१ फॉर्ममध्ये ती फर्म आहे का, हे पाहा. तो फक्त भागधारक असेल तर करारात स्पष्ट मनाई नसताना अडवणं कठीण आहे. आणि कंपनी सोडून गेल्यावरची ‘पाच वर्षं हा धंदा करायचा नाही’ ही अट सहसा टिकत नाही. नावलौकिकासकट धंदा विकला असेल तर वाजवी मर्यादेत टिकते.

१७. मी न्यू जर्सीत असतो, कंपनी पुण्यात आहे. सगळं भावाच्या भरवशावर आहे.

ईमेल पत्ता रजिस्टरमध्ये नोंदवा, बोर्ड मीटिंगला व्हिडिओवर हजर राहा (प्रश्न ७ मधली बारा महिन्यांची अट तुम्हालाही आहे) आणि दर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोर्टलवर वार्षिक विवरणात आपले शेअर तेवढेच दिसतात का ते तपासा. भावाला कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर त्यात शेअर विकण्याचा अधिकार लिहू नका. तिकडून केलेलं पत्र अ‍ॅपोस्टिल (तिथलं सरकारी प्रमाणीकरण) करून आणा, भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. शेअर परकीय चलनातून, पैसा परत नेण्याच्या हक्कासह घेतले असतील तर विक्रीच्या वेळी बँकेमार्फत एफसी-टीआरएस हा हस्तांतरण कळवण्याचा फॉर्म लागतो, त्याला ६० दिवसांची मुदत आहे.

१८. आमची कंपनी नाही, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) आहे. हे सगळं लागू आहे का?

बहुतेक नाही. तिथे एलएलपी कायदा २००८ आणि तुमचा करार चालतो. करारात एखादी गोष्ट नसेल तर त्या कायद्याची पहिली अनुसूची लागू होते : भांडवल कमीजास्त असलं तरी नफा समान, करारात अधिकार नसेल तर बहुमताने कोणाला काढता येत नाही आणि न मिटलेला वाद लवादाकडे जातो. बाहेर पडायचं तर करारात वेगळं काही नसताना बाकीच्यांना किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची. ९० टक्के भांडवल घालणाऱ्याने करार न करता एलएलपी चालवली तर नफ्यात त्याचा वाटा दुसऱ्या भागीदाराएवढाच राहतो, म्हणून करार नोंदवलेला आहे का ते आधी पाहा.